गावठाणाबाहेरची घरे : यवतमाळ जिल्ह्यातील बेडे, तांडे आणि हुसकावलेल्यांचा निवारा

यवतमाळ जिल्ह्यात पारध्यांच्या वस्तीला बेडा म्हणतात आणि बंजाऱ्यांच्या वस्तीला तांडा. दोन्ही वस्त्या गावठाणाबाहेर राहिल्या. त्यामागे भटकेपणा हे एक कारण होते. दुसरे कारण सरकारी कागदांत लिहून ठेवलेले होते: ही माणसे इतरांना उपद्रव देतात, म्हणून त्यांना नजरेखाली ठेवावे किंवा हलवावे. इंग्रजी अमलात या समजाला कायद्याचे रूप मिळाले. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, पण माणसाला त्याच्या राहत्या जागेतून हलवण्याचे अधिकार दुसऱ्या कायद्यांत शिल्लक राहिले. हलवलेल्याने पुढे राहायचे कुठे, या प्रश्नाला प्रत्येक काळाने आपापले उत्तर दिले. वसाहत, भूखंड आणि घरकुल ही त्या उत्तरांची नावे.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. त्यातला हा भाग पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. गावची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन भागांत मोडे. काळीत पीक, पांढरीत घरे. खातेदार, बलुतेदार, अलुतेदार यांच्या पांढरीतल्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असत. वर्षातून काही दिवस येऊन आपले काम करून जाणाऱ्यांना ओढ्याकाठी किंवा पडीतात पाले ठोकायची मुभा पाटील देई. ही मुभा तोंडी असे आणि तोंडीच काढून घेतली जाई. पुढे पोलिस खाते उभे राहिले आणि गावात आलेल्या अनोळखी टोळ्यांची खबर ठाण्याला देणे हे पाटलाचे कायदेशीर कर्तव्य झाले. ज्याच्या शब्दावर पाल ठोकायचे, त्यालाच पहाऱ्यावर बसवले गेले. भटक्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि नंतर इंग्रजांच्या फौजांना त्यांनी रसद पुरवली. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोहोचली, पक्क्या सडका झाल्या, वऱ्हाडचा कापूस रुळांवरून मुंबईला जाऊ लागला आणि लदेणीचा धंदा एका पिढीत बसला. बैल होते, वाहायला माल नव्हता. नेमक्या याच काळात वऱ्हाड पोलिसांतील अधिकारी या जमातींवर टिपणे लिहीत होते. कंबरलेज यांचे बंजाऱ्यांवरील टिपण १८६९ च्या सुमाराचे मानले जाते. मेजर गंथॉर्प यांचे मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतांतील ‘गुन्हेगार जमातीं’वरचे पुस्तक १८८२ मध्ये निघाले. या लिखाणात चालीरीतींची नोंद बारकाईची आहे, पण ती गोळा केली ती बंदोबस्तासाठी. धंदा बुडाल्याने आलेली हलाखी आणि जातीचा स्वभाव यांत त्या लेखकांनी फरक केला नाही. पुढच्या अधिकाऱ्यांनी तेच वाचून कारभार केला.

पारध्यांचे अर्थकारण आणखी नाजूक होते. फासेपारधी फास लावून तितर, लावे, ससे आणि हरणे धरीत. शिकार विकून धान्य घेत. पिकात घुसणाऱ्या हरणांचा आणि रानडुकरांचा बंदोबस्त करणारा म्हणून शेतकऱ्यालाही तो हवा असे. त्यांच्यातलेच टाकणकार गावोगाव फिरून जात्याला टाकी लावून देत. दळून दळून गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरबरीत करायचा, हे त्यांचे कसब. टाकी लावायच्या निमित्ताने घरात शिरून हे लोक चोरीसाठी घरे हेरून ठेवतात, असा संशय त्या काळच्या वर्णनांत आहे. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातेच मागे पडले. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलात शिरण्यावर बंधने आणली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. वन्यप्राण्यांसाठी तो कायदा गरजेचा होता. मात्र एका जमातीचे पोट ज्या कामावर चाले ते काम त्या दिवशी गुन्हा ठरले, आणि त्याबदल्यात तिला कोणते काम देणार, हे त्या कायद्यात कुठेच नव्हते. जिल्ह्यात टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन अभयारण्ये आहेत.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये झाला. सुरुवातीला तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरता होता. एखाद्या जमातीला, टोळीला किंवा वर्गाला गुन्हेगार जाहीर करायचे, तिच्यातल्या प्रत्येकाचे नाव नोंदवायचे आणि त्याला ठरल्या वेळी हजेरीला उभे करायचे, हा त्याचा गाभा. त्यातली एक तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठाव नसलेल्या जमातीला जाहीर करण्यापूर्वी तिने कुठे राहावे आणि तिथे तिचे पोट कसे चालावे, याची सोय सरकारने दाखवायची होती. म्हणजे माणसाला बांधून घालायचे तर त्याच्या घराची आणि भाकरीची जबाबदारी घ्यावी लागते, हे कायदा करणाऱ्यांना उमगले होते. व्यवहारात हजेरी राहिली आणि ही जबाबदारी मागे पडली. १९११ च्या कायद्याने या पद्धतीची व्याप्ती देशभर वाढवली, जाहीर करण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांकडे दिले आणि त्यांच्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंदच ठेवली. १९२४ मध्ये हे सारे एका कायद्यात गोळा झाले.

वऱ्हाडची घडण इथेही वेगळी होती. या मुलखावर निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री शिल्लक होते. १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपये देऊन इंग्रजांनी तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे त्यामुळे इथे आपोआप लागू होत नसत. अधिसूचना काढून ते लावावे लागत. कोणती जमात यादीत आहे हे प्रांतागणिक, कधी जिल्ह्यागणिक बदले. यादीत नसलेल्यांसाठीही फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे १०९ आणि ११० होतीच. ठाव नसलेल्या, चरितार्थाचे साधन दाखवता न येणाऱ्या किंवा सराईत समजल्या गेलेल्या माणसाकडून या कलमांखाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येई. पालात राहणाऱ्याला जामीन राहणार कोण? जामीन नसेल तर तुरुंग. घर नसणे हाच संशयाचा पुरावा झाल्यावर या चक्रातून सुटण्याची वाट उरत नव्हती.

नोंद झालेल्या माणसाला गाव सोडताना दाखला घ्यावा लागे, मुक्कामाच्या ठिकाणी तो दाखवावा लागे आणि रात्री हजेरी द्यावी लागे. शेजारच्या तालुक्यात कापूस वेचणीला जायचे तरी हीच तऱ्हा. भटकून जगणाऱ्यांना स्थिर करण्याचा हेतू सांगितला जात होता. प्रत्यक्षात मजुरीच्या हंगामात ज्या हालचालीवर पोट भरते तीच अडवली गेली.

हलवलेल्यांना वसवण्याचा मोठा प्रयोग मुंबई इलाख्यात झाला आणि त्याचे ठळक केंद्र सोलापूर होते. स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अशा अनेक वसाहती चालवल्या गेल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबे तारेच्या कुंपणात राहत, धडधाकट माणसे सूतगिरण्यांत कामाला जात, मुलांसाठी शाळा असे. बाहेर पडायचे ते परवान्याने. ज्यांची वागणूक चांगली ठरे त्यांना कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वसाहतीत जागा मिळे. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून ठेवण्याचा अधिकारही कायद्याने दिला होता. घर, काम आणि शाळा यांची सोय एकाच ठिकाणी करणारी ही त्या काळातली मोठी सरकारी यंत्रणा होती, हे मान्य करावे लागते. तिच्यातले प्रत्येक छप्पर मात्र वागणुकीच्या अटीवर मिळालेले होते, आणि ती वागणूक मोजणारा अधिकारी हाच पहारेकरीही होता.

अशी कल्पना फक्त वसाहतवादी राज्यकर्त्यांची नव्हती. ॲमस्टरडॅम महापालिकेने १९२६ मध्ये झेबर्गरडॉर्प आणि १९२७ मध्ये ॲस्टरडॉर्प अशा दोन वस्त्या बांधल्या. शेजाऱ्यांना त्रास देणारी म्हणून ज्या कुटुंबांना महापालिकेच्या इतर घरांत जागा मिळत नव्हती, ती तिथे ठेवली जात. ॲस्टरडॉर्पला भिंत होती, देखरेख करणाऱ्या बाया घरांची तपासणी करीत, आणि परीक्षेला उतरलेल्या कुटुंबाला साध्या वस्तीत घर मिळे. तिथून बाहेर पडलेल्यांनाही त्या पत्त्याचा डाग पुसणे अवघड गेले. सोलापुरात जातीवर शिक्का होता, ॲमस्टरडॅममध्ये कुटुंबावर; बाकी घडी बरीच सारखी.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच, कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी पारध्यांना सोनतळीच्या छावणीजवळ वसवले, पहाऱ्याची आणि इतर विश्वासाची कामे त्यांच्याकडे सोपवली आणि १९१८ मध्ये संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली. चोरीचा संशय असलेल्या माणसाच्या हाती पहारा देण्याचे धैर्य त्या काळी दुसऱ्या कोणी क्वचितच दाखवले असेल. तिथे घर आधी मिळाले, पगार बरोबर आला आणि वागणुकीची परीक्षा कोणी लावली नाही. अशा जमातींच्या पुनर्वसनाचा विचार करताना सोलापूरच्या मानाने सोनतळीचा अभ्यास फार थोडा झाला आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

मुंबई राज्याने गुन्हेगार जमाती कायदा १९४९ मध्येच रद्द केला. यवतमाळ मात्र त्या वेळी मुंबई राज्यात नव्हते, मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. केंद्राने अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने कायदा काढून टाकण्याची आणि या लोकांच्या पुनर्वसनावर खर्च करण्याची शिफारस केली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा देशभर संपला. या कायद्यातून सुटल्या म्हणून विमुक्त म्हटल्या जाणाऱ्या जमाती आजही तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. समितीने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा, जातीशी संबंध नसलेला कायदाही सुचवला होता. राज्याराज्यांत तसे कायदे झाले. मुंबई राज्याचा १९५९ चा. नावे नोंदवणे, हालचालींवर बंधन आणि वसाहतीत ठेवणे ही जुनी हत्यारे त्यात पुन्हा दिसतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविरोधी समितीने २००७ मध्ये असे कायदे रद्द करावेत, असे सुचवले.

आजच्या महाराष्ट्रात माणसाला त्याच्या घरापासून दूर करणारा मुख्य कायदा हद्दपारीचा आहे. १९५१ च्या मुंबई पोलिस अधिनियमाची कलमे ५५, ५६ आणि ५७ अनुक्रमे टोळी, धोकादायक व्यक्ती आणि शिक्षा झालेला गुन्हेगार यांच्यासाठी आहेत. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर हा कायदा इकडेही आला. आता त्याला महाराष्ट्र पोलिस अधिनियम म्हणतात. जिल्ह्यात असे आदेश बहुधा उपविभागीय दंडाधिकारी काढतात. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची. साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत, अशी अधिकाऱ्याची खात्री कलम ५६ साठी लागते. आदेशापूर्वी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते, आणि मुदतीत परत आल्यास तो वेगळा गुन्हा होतो. लोकांच्या बोलण्यात याला तडीपारी म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराची घटनात्मकता पन्नाशीच्या दशकातच मान्य केली, पण त्याच्या वापरावर वेळोवेळी लगाम घातला. जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात २८ जानेवारी २०२२ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने हद्दपारी हा असाधारण उपाय असल्याचे सांगितले. अशा आदेशाने माणूस स्वतःच्या घरात, कुटुंबासोबत राहू शकत नाही आणि त्याची रोजीरोटीही जाऊ शकते, हे त्या निकालात स्पष्ट नोंदवले आहे. एवढे असूनही अधिनियमात हद्दपार केलेल्याच्या निवाऱ्याबद्दल एक शब्द नाही. १८७१ चा अन्याय्य कायदा निदान राहण्याची जागा दाखवायला सांगत होता.

भाडेकरूची गोष्ट वेगळी, पण याच विचाराची. विदर्भात घरभाड्यासाठी मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा आदेश लागू होता. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी घरमालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आला आणि जुना आदेश संपला. नव्या अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे शेजाऱ्यांना उपद्रव किंवा त्रास देणाऱ्या, अथवा जागेचा बेकायदा वापर केल्याबद्दल शिक्षा झालेल्या भाडेकरूकडून जागा परत घेता येते. निकाल लागला की त्या कुटुंबाशी कायद्याचा संबंध संपतो. इंग्लंडमध्ये बेघरांना घर देण्याची जबाबदारी पालिकांवर आहे, पण स्वतःच्या वागण्याने घर गमावलेल्याच्या बाबतीत ती बरीच सैल होते. म्हणजे तिथेही वागणुकीची अट सुटलेली नाही. यवतमाळच्या पारध्याला या तरतुदींचा अनुभव क्वचितच येतो. त्याला भाड्याने घर मिळण्याचीच मारामार असते.

स्वातंत्र्यानंतर तांड्याची आणि बेड्याची वाट वेगळी झाली. बंजाऱ्यांनी लदेणी बुडाल्यावर बैल नांगराला जुंपले आणि पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत डोंगरउताराची जमीन कसायला घेतली. जमीन हाती असल्याने तांडा जागेवर राहिला. नायक आणि कारभारी यांची स्वतःची पंचव्यवस्था होती, ती निवडणुकांच्या राजकारणात उपयोगी पडली. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात त्याच पदावर होते. अनेक तांड्यांना स्वतंत्र महसुली गावाचा आणि ग्रामपंचायतीचा दर्जा मिळाला, रस्ता, शाळा, पाणी यांसाठी तांडा-वस्ती सुधार योजना आली. विमुक्त आणि भटक्यांसाठी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या विकास महामंडळाला वसंतराव नाईकांचे नाव आहे. तांड्यावरची सगळी कुटुंबे सुखी झाली असा याचा अर्थ नाही. कोरडवाहू शेतीने कर्ज वाढवले आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पुसद-दिग्रसकडेही आहेत. पण तांडा उठवून द्या, असे आता कोणी म्हणत नाही. घराखालची जमीन स्वतःची असली की शिक्क्याचा जोर किती ओसरतो, हे जिल्ह्याच्या नकाशावरच दिसते.

बेड्याच्या वाट्याला जमीन आली नाही. त्यातून सरकारी वर्गवारीने पारध्यांना दोन ठिकाणी विभागले. राज्याने २१ नोव्हेंबर १९६१ रोजी १४ विमुक्त आणि २८ भटक्या जमातींची यादी लागू केली. त्यात पाल पारधी आणि राज पारधी विमुक्तांत आले. फासेपारधी आणि टाकणकार अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. त्या यादीलाही आधी तालुक्यांच्या मर्यादा होत्या: तीच जमात एका तालुक्यात आदिवासी आणि शेजारच्या तालुक्यात नाही. १९७६ च्या दुरुस्तीने ही अडचण दूर झाली. आज फासेपारधी कुटुंबाची घरकुलाची फाइल आदिवासी विकास विभागाकडे, म्हणजे जिल्ह्यात पांढरकवडा किंवा पुसदच्या प्रकल्प कार्यालयाकडे जाते. विमुक्तांसाठीच्या योजना दुसऱ्या खात्याच्या. बेड्यावरच्या माणसाला हा फरक कळण्याआधीच अर्जाची मुदत संपून गेलेली असते.

त्याहून मोठा अडसर दाखल्याचा. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीच्या माणसाने त्याचे पूर्वज ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून राज्यात राहत होते हे दाखवायचे असते. विमुक्तांसाठी तारीख २१ नोव्हेंबर १९६१. पुरावा म्हणजे शाळेचा दाखला, कोतवाल बुक, सात-बारा, जन्ममृत्यूची नोंद. १९५० पर्यंत ज्यांना एका जागी राहू दिले नाही आणि ज्यांची पोरे शाळेत बसू शकली नाहीत, त्यांच्याकडे हे कागद कुठून येणार? कागद नसल्यास गृहचौकशी करून दाखला देण्याची सोय नियमांत आहे. तिच्यासाठी महसूल कर्मचाऱ्याने बेड्यावर जाऊन म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्यावे लागतात. जिथे तहसीलदाराने बेड्यावर शिबिर लावून हे काम केले, तिथे दाखले मिळतात. जिथे कुटुंबालाच कचेरीत चकरा माराव्या लागतात, तिथे वर्षे जातात. सारा प्रश्न एका चांगल्या अधिकाऱ्याच्या बदलीवर अवलंबून असावा, हे व्यवस्थेचे अपयश आहे.

विमुक्त-भटक्यांच्या घरांसाठी राज्याने २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. ग्रामीण भागातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि त्यावर २६९ चौरस फुटांचे घर, सुमारे वीस कुटुंबांची एक वसाहत, पाणी, वीज, रस्ता आणि उदरनिर्वाहाचे साधन, अशी तिची रचना. पाच गुंठ्यांत घरामागे शेळ्या बांधता येतात, परसात भाजी लावता येते. आखणी करणाऱ्यांनी या लोकांचे जगणे पाहिले होते, असे त्यावरून वाटते. घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. पुढे स्वतःची जागा असलेल्या एकेकट्या कुटुंबालाही लाभ देण्याची तरतूद झाली. आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे, तिचेही घर २६९ चौरस फुटांचे. केंद्राच्या पंतप्रधान आवास योजनेत पंचवीस चौरस मीटर, म्हणजे तेवढीच जागा आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्राने विमुक्त-भटक्यांसाठी पाच वर्षांत २०० कोटी रुपयांची सीड योजना सुरू केली. शिक्षण, आरोग्य आणि उपजीविकेसोबत घर हा तिचा चौथा भाग आहे.

पैशाची तरतूद झाली, तरी ते घर उभे करायला जमीन लागते. भूमिहीनांना ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी ५० हजार रुपये मिळत. त्या रकमेत गावालगत जागा मिळणे कठीण, आणि मिळाली तरी पारध्याला विकायला तयार असणारा मालक मिळणे त्याहून कठीण. म्हणून बहुतेक बेडे ई-क्लासवरच आहेत, गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातल्या एका प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितली; त्यानंतर १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरान जमिनी दुसऱ्या कामाला देण्यावर महाराष्ट्रात कडक निर्बंध आले. मुक्त वसाहत योजना त्याच वर्षाच्या अखेरीची. एका खात्याने गायरान बंद केले, दुसऱ्याने भूखंड देऊ केला, आणि तो भूखंड ज्या जमिनीतून निघायचा ती बहुतेक ठिकाणी गायरानच होती. १ जानेवारी २०११ पूर्वीची राहत्या घरांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. त्याचा फायदा घ्यायचा तर त्या तारखेआधीपासून राहत असल्याचा कागद हवा; इथे पुन्हा दाखल्याचाच प्रश्न. जंगलाच्या कडेच्या बेड्यांना वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट सिद्ध करावी लागते. उन्हाळ्यात नागपूर-मुंबईकडे पोटासाठी गेलेल्या कुटुंबाचे पाल रिकामे दिसते आणि चौकशी करणारा ‘राहत नाहीत’ असा शेरा मारतो.

यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले या फासेपारधी समाजातल्या शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून पारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा काढली. भीक मागणाऱ्या मुलांना गोळा करून ती उभी राहिली. समृद्धी महामार्गाच्या कामात २०१९ मध्ये शाळेच्या काही इमारती पाडल्या गेल्या. या वेळी कुणावर चोरीचा आरोप नव्हता. रस्ता जायचा होता. भरपाई मोजताना जमिनीचा कागद कोणाच्या नावावर आहे, हाच प्रश्न इथेही आडवा आला.

ज्याच्या वागण्याबद्दल खरोखर तक्रार आहे अशा कुटुंबाचे काय करावे, याचा एक विचार स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात १९९६ मध्ये पुढे आला. शेजाऱ्यांना त्रास दिल्यामुळे घर गेलेल्या किंवा जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबांसोबत तिथे प्रशिक्षित कार्यकर्ते काम करू लागले. काही कुटुंबांना कार्यकर्त्यांच्या शेजारी असलेल्या इमारतीत ठेवले, काहींना शहरभर विखुरलेल्या घरांत, आणि काहींना त्यांच्या आधीच्याच घरात मदत दिली. दारू, कर्ज, मुलांची शाळा, नवराबायकोतली मारहाण, जे कारण असेल त्यावर उपाय करायचा आणि घर टिकवायचे. ग्लासगो विद्यापीठाने या प्रकल्पाचा अभ्यास केला आणि पुढे ब्रिटनमध्ये इतरत्र तो उचलला गेला. तिथेही देखरेख आहे आणि अटी आहेत, त्यावर टीकाही झाली. पण बाहेर काढण्याचा आदेश आणि घराची मदत एकमेकांना ओळखतात.

यवतमाळमध्ये ती ओळख अजून व्हायची आहे. हद्दपारीचा प्रस्ताव पोलिस ठाण्याकडून उपविभागीय कार्यालयात जातो. घरकुलाची यादी पंचायत समितीत किंवा प्रकल्प कार्यालयात तयार होते. कर्ता पुरुष दोन वर्षे जिल्ह्याबाहेर गेला तर बेड्यावर मागे राहिलेल्या बाईच्या नावावर घरकुल करावे, अर्जाची मुदत वाढवावी किंवा मुलांना आश्रमशाळेत जागा द्यावी, हे ठरवायला दोन कार्यालयांत पत्रव्यवहाराची रीतच नाही. कायद्याची मदत मात्र मिळू शकते: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, आणि हद्दपारीच्या नोटिशीला उत्तर देतानाही जिल्हा प्राधिकरणाकडे तो मागता येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातल्या जातीभेदाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये, याची काळजी पोलिसांनी घ्यावी असे सांगितले. विमुक्तांना जन्मतः सराईत समजण्याच्या वृत्तीवरही त्या निकालात कडक शब्दांत बोट ठेवले आहे. तुरुंगाच्या नियमावल्यांत त्यानुसार बदल सुरू झाले. ठाण्यातल्या संशयितांच्या याद्या, उपविभागीय कार्यालयातले हद्दपारीचे प्रस्ताव आणि पंचायत समितीतल्या घरकुलाच्या याद्या यांना तो निकाल लावून पाहण्याचे काम जिल्हा पातळीवरचे आहे.